हसू नेमके कशाचे येते?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मी लिहिलेले प्रहसन झाले. त्यात एक तोतरा जावई आहे. तो बोलू लागला की सासरची माणसे भलताच अर्थ लावतात, त्याला अर्धवट समजतात आणि शेवटी मेहुणाच त्याच्या वतीने बोलतो. एका सभासदांचा मुलगा अडखळत बोलतो. “हा विनोद नव्हे, पूर्वग्रह आहे,” असे त्यांनी मला सुनावले. मंडळातील इतरांच्या मते, असे धरून बसलो तर विनोदच उरणार नाही. कोणाला लागले म्हणजे तो पूर्वग्रह ठरतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही, केवळ कोणाला लागले म्हणून पूर्वग्रह ठरत नाही. वगातला सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची टर उडवतो तेव्हा ती झोंबणारीच असते, कारण तिचा रोख त्यांच्या वागण्यावर असतो आणि ते वागणे त्यांना बदलता येते. उलट, सरदारजींवरचे कित्येक विनोद अगदी सौम्य भाषेत सांगितले जातात, तरीही अख्खा समाज बुद्धीने मंद आहे हे गृहीत धरल्याखेरीज त्यांचे हसूच येत नाही. अशा विनोदांवर बंदी घालावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. नागरिकांसाठी नैतिक नियमावली आम्ही घालून देऊ शकत नाही, असे न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. मला ते योग्य वाटते, परंतु त्यामुळे ते विनोद निर्दोष ठरत नाहीत.

तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचा निकाल 8 जुलै 2024 चा आहे. एका चित्रपटातील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविरुद्धच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, अपंगांना कमी लेखणारा विनोद आणि अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना आव्हान देणारा विनोद, असा स्पष्ट फरक केला. म्हणजे विषय वर्ज्य नाही. आपल्याकडे काल्याच्या कीर्तनात पेंद्या, वाकड्या, बोबड्या हे कृष्णाचे सवंगडी येतात आणि श्रोते खळखळून हसतात. पण शिदोरी कालवली की त्यांचा घास इतरांइतकाच असतो, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता तुमचा जावई पाहू. सासरची माणसे उतावळेपणाने त्याचे वाक्य तोडतात, यात खरा विनोद आहे, कारण त्यांची अधीरता आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. मात्र तो अर्धवट ठरतो आणि नाटकही त्याला तसेच सोडून देते, तिथे प्रेक्षकांचे हसू सासरच्यांवरून त्याच्यावर सरकते. वाणी अडखळते म्हणजे बुद्धीही अडखळते, या खोट्या समजुतीवर ते उभे राहते. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात मुले नक्कल करतील ती सासरच्यांची नव्हे, त्या मुलाची. सभासदांचा आक्षेप म्हणून मला रास्त वाटतो.

प्रहसन फेकून देऊ नका. मेहुण्याला गप्प करा, जावयाला त्याचे वाक्य त्याच्याच गतीने पूर्ण करू द्या, आणि ते इतके मार्मिक असू द्या की भलताच अर्थ लावणाऱ्यांची फजिती व्हावी. नवा खर्डा त्या मुलाला, त्याची इच्छा असेल तरच, तालमीआधी वाचायला द्या. समोरच्याने आपले वाक्य मध्येच पूर्ण केले की काय वाटते, हे त्याच्याइतके नेमके तुम्हाला दुसरे कोणी सांगू शकणार नाही.