सुरी एकाची, हात सगळ्यांचे
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर बरीच पत्रं आली. तक्रार जवळपास सगळ्यांची एकच आहे: मी जपतो, बाकीचे जपत नाहीत.

प्रश्न : हौसेनं जपानी बनावटीची सांतोकू सुरी घेतली. घरात सात माणसं. सासूबाई स्टीलच्या ताटातच कांदा चिरतात, जाऊबाई ओट्यावरच कोथिंबीर कापतात आणि परवा कुणीतरी त्याच सुरीनं गुळाची ढेप फोडली. धारेला दोन ठिकाणी दात पडलेत. वाद न घालता काय करता येईल?
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : दात गुळानं पाडले. ताटानं आणि ओट्यानं धार बोथट झाली असणार. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात सांगतात. बाजारातल्या साध्या स्टीलच्या सुऱ्या साधारण 52 ते 55 भरतात, जर्मन धाटणीच्या 56 ते 58 आणि जपानी बहुतेक 60 किंवा त्याहून वर. कठीण पोलादाला बारीक कोनाची धार देता येते, ती टिकतेही जास्त. पण ते ठिसूळ असतं. गूळ फोडताना आपण सुरी नुसती दाबत नाही, आत रुतली की पिळतो. त्या पिळण्यानं धारेचा कण तुटतो. साध्या सुरीची धार अशा वेळी वाकते, तुटत नाही. म्हणून सासूबाईंच्या जुन्या सुरीनं वर्षानुवर्षं गूळ फोडला तरी तिला काही झालं नाही आणि तुमची पहिल्याच फेरीत गेली. त्यांना ते खरं वाटत नसेल तर त्यांची चूक नाही.

ओट्याचं म्हणाल तर ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि ते सुरीच्या पोलादाहून कठीण. ओट्यावर एक जुडी कोथिंबीर चिरली तरी धार गेलीच समजा. स्टीलचं ताट, काचेचा बोर्ड, चिनी मातीची बशी यांचंही तेच.

आता घरातलं. घाईच्या वेळी जी हाताशी असते तीच सुरी उचलली जाते. आपण नाव घेऊन दिलेल्या सूचना त्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तेव्हा हाताशी काय असावं ते ठरवा. ओट्यावर एक मध्यम, साधी स्टीलची सुरी कायम ठेवा, तीही धारदार. ती बोथट असली की घरचे तुमचीच शोधणार. सांतोकू तिच्या खोक्यात, वरच्या फळीवर. सासूबाईंची विळी असेल तर तिलाही धार लावून घ्या. ज्यांचा हात विळीवर बसलाय त्यांना सुरीची गरजच पडत नाही.

चिरायची फळी लोक वापरत नाहीत याला दोन कारणं असतात. ती ताटाळ्यामागे ठेवलेली असते आणि ओट्यावर घसरते. साधारण 40 × 30 सेंटिमीटरची फळी घ्या, खाली ओलं करून पिळलेलं फडकं चौपदरी घाला आणि ती तिथेच राहू द्या. लाकूड रबरवुडचं चालेल. सागाची फळी आपल्याकडे सहज मिळते, पण सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. बांबूही टणकच. प्लास्टिकची जाड पांढरी फळी दिसायला गरीब, पण सुरीला उत्तम. चिरलेला कांदा फळीवरून कढईत लोटताना सुरी उलटी करून पाठीनं लोटा. धारेनं खरवडलं की ती आडवी वळते.

गुळाचं काम सगळ्यात सोपं. ढेप घरी आली की तासभर उन्हात ठेवा, नरम पडते. मग जुन्या सत्तुरानं किंवा बत्त्यानं एकदाच फोडून डब्यात भरून टाका. डब्यात खडे असले की कुणी ढेपेकडे जात नाही, सुरीकडेही जात नाही.

पडलेले दात अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतील तर 400 नंबरच्या धारेच्या दगडावर (नंबर जितका लहान तितका दगड खरखरीत) निघतील. त्याहून खोल असतील तर चांगल्या कारागिराकडे द्या, पण आधी खाली वाईच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न : कॉलेजसाठी रूमवर चौघं राहतो. घरून आणलेल्या माझ्या सुरीनं पोरं दुधाच्या पिशव्या फोडतात, पार्सलची चिकटपट्टी कापतात, कुकरच्या मुठीचा स्क्रूसुद्धा पिळतात. टोक मोडलंय. भांडून झालं.
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : पिशव्यांसाठी कात्री घ्या आणि फ्रिजच्या मुठीला किंवा खिळ्याला दोरीनं बांधून टाका. बांधलेली कात्री हरवत नाही. शेजारी एक स्क्रू ड्रायव्हर. मॅगी आणि भुर्जीसाठी रूमची म्हणून एक स्वस्तातली सुरी, तिचा खर्च चौघांत. एवढं झालं की तुमची सुरी कपाटात ठेवण्यावर कुणी हरकत घेणार नाही, कारण कुणाचंच अडत नाही.

कपाटात ती उघडी ठेवू नका. कॅलेंडरच्या मागचा जाड पुठ्ठा घ्या. पात्याच्या लांबीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त आणि रुंदीच्या दुपटीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त असा तुकडा कापा. मधोमध दुमडा. दुमडलेली बाजू धारेकडे येऊ देऊ नका, ती पाठीकडे ठेवा. धार दुमडीवर घासून दोन दिवसांत पुठ्ठा फाडते. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये पुठ्ठ्याची एक सेंटिमीटर रुंद पट्टी घाला, तिन्ही एकत्र चिकटवा, वरून पॅकिंगची टेप गुंडाळा. टोकाची बाजूही बंद करा. पातं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय आत घालायचं नाही, पुठ्ठा ओल धरून ठेवतो आणि गंज आतल्या आत चढतो.

मोडलेलं टोक धारेच्या बाजूनं घासून कधीच काढू नका, पात्याचा आकार बिघडतो आणि पुढचा भाग फळीला टेकेनासा होतो. पाठीच्या बाजूनं घासा: जाड दगडावर, 220 ते 400 नंबर, पाठ हळूहळू खाली उतरवत नेली की ती धारेला जिथे मिळते तिथे नवं टोक तयार होतं. दोन-तीन मिलिमीटर मोडलं असेल तर अर्ध्या तासाचं काम.

प्रश्न : आमच्याकडे कार्बन स्टीलची जुनी सुरी आहे, धार अप्रतिम. पण पावसाळ्यात रोज गंजते. भांड्यांना येणाऱ्या ताई तारेच्या घासणीनं ती लख्ख करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. त्यांना कसं सांगावं?
— महाबळेश्वर

उत्तर : महाबळेश्वरला वर्षाला साधारण पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. तिथे उघडं लोखंड लाल व्हायचंच. पण या प्रकरणात घासणी गंजाला मदत करते आहे.

कार्बन स्टील वापरात राहिलं की त्यावर निळसर-राखाडी थर येतो. कांदा, टोमॅटो, लिंबू यांच्या रसानं आणि ओलाव्यानं तो तयार होतो. तो गंज नव्हे. उलट खालच्या लोखंडाला थोडंफार झाकून ठेवतो. ताई रोज तोच खरवडून काढतात आणि रात्रभरात उघड्या लोखंडावर लाल गंज धरतो. नवा थर मुद्दाम आणायचा तर स्वच्छ कोरड्या पात्यानं आठवडाभर कांदा आणि मांस कापा, दर वेळी लगेच धुऊन पुसा. डाग वेडेवाकडे येतात, ते येऊ द्या.

लाल ठिपका दिसला तर खाण्याच्या सोड्यात चार थेंब पाणी घालून लापशी करा, बाटलीच्या बुचानं किंवा बटाट्याच्या कापानं चोळा. चोळताना पाठीकडून धारेकडे, आडवं धारेवरून नाही. मग धुऊन, पुसून, पाच मिनिटं शेगडीपासून हातभर लांब वाळवा. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना बोटानं पसरा. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठतं, तुमच्याकडे ते बहुधा घट्टच असेल. बोटावर घासलं की पुरतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, काही दिवसांत ते चिकट होऊन धूळ धरतं आणि खवट वास येतो.

ताईंना सुरी कशी घासायची हे शिकवत बसण्यापेक्षा ती भांड्यांत टाकूच नका. वापरली की त्याच मिनिटाला नळाखाली धरा, मऊ स्पंजनं पाठीकडून पुसा, कोरडी करा, जागेवर ठेवा. खरकट्या भांड्यांच्या ढिगात, फेसाखाली बुडालेली धारदार सुरी ताईंच्या बोटांवर आधी उठते. हे कारण सांगितलंत तर ताईच घरातल्या इतरांना दम देतील.

प्रश्न : हायवेवरच्या हॉटेलात भाज्यांच्या टेबलावर काम करतो. माझ्या पैशांची सुरी आहे. मी जेवायला गेलो की तंदूरवाला तिनं कोंबडी तोडतो, पोऱ्या बर्फ फोडतो. वस्तादांकडे तक्रार केली तर म्हणतात, एवढं काय त्यात.
— कराड

उत्तर : भटारखान्यात “माझी” या शब्दाला किंमत नसते. “भाजीची” या शब्दाला असते. मुठीला हिरवी टेप गुंडाळा आणि वस्तादांना सांगा की हिरवी शाकाहारी, लाल कच्च्या मटण-चिकनची. बोर्डही त्याच रंगांचे ठेवा. कच्च्या कोंबडीची सुरी काकडीला लागली तर गिऱ्हाईक आजारी पडतं आणि “शुद्ध शाकाहारी” म्हणून ताट मागवणारा गोंधळ घालतो. ही भाषा मालकाला लगेच कळते. तुमच्या धारेची काळजी त्यात आपोआप घेतली जाते.

तंदूरवाल्याला त्याचं हत्यार मिळायला हवं हेही खरं. कोंबडीच्या सांध्यातून सुरी जाते, हाडातून जात नाही. हाडासाठी जाड पाठीचा सत्तूर लागतो. तो हॉटेलनं घ्यावा. गोठलेलं मटण आणि बर्फ हे कुठल्याच सुरीचं काम नाही, बर्फ फोडायला वेगळ्या सुया असतात. सुट्टीच्या दिवशी तुमची सुरी भटारखान्यात ठेवू नका. जाड कापडाच्या गुंडाळीत बांधून घरी न्या, एसटीत पिशवीच्या तळाशी आडवी. ड्यूटीवर असताना जेवायला जाताना ती धुऊन, पुसून गुंडाळीत घालायची. टेबलावर पडलेली सुरी कुणाचीही असते.

प्रश्न : गल्लीत सायकलवरचा धारवाला येतो. चांगली सुरी त्याच्याकडे द्यावी का?
— वाई

उत्तर : विळी, कात्री, कोयता बेलाशक द्या. चांगली सुरी नको. त्याचं चाक कोरडं आणि वेगात फिरतं, धारेजवळ पातं क्षणात तापतं. बारीक धार तापून निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलाद मऊ झालं. सुरी त्या दिवशी कागद कापते आणि आठवड्यात टोमॅटोवर घसरते. निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय ती सुधारत नाही.

घरी 1000 नंबरचा पाण्याचा दगड पुरे. तो दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यावर बसवा. कोन धरणं हीच खरी मेख. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर जपानी सुरीच्या 15 अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे 12 मिलिमीटर वर राहायला हवी, जाड जर्मन सुरीच्या 20 अंशांसाठी सुमारे 15. तेवढ्या जाडीची लाकडी चिप पाठीखाली धरून पाहा, हाताला उंची कळली की काढून टाका. एका बाजूनं टाचेपासून (मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत घासत राहा; दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवला की बारीक खरखर लागते, तिला कारखान्यात बर म्हणतात. ती पूर्ण लांबीभर लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते: टोकाशी बर आलेलीच नसते आणि ते सुरी उलटवतात. दोन्ही बाजू झाल्या की हलक्या हातानं आलटून पालटून घासा, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, ओढा.

रोजच्या वापरात दगड लागत नाही. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचं बूड उलटं करा, त्याच्या खरखरीत, बिनझिलईच्या कडेवर तीन-चार वेळा हलकेच ओढलं तरी धार जागी होते. खाचांच्या स्टीलच्या सळईवर जपानी सुरी घासू नका, कण उडतात. दोन चाकांच्या फटीतून ओढायचं ते स्वस्त यंत्र तर धातू ओरबाडून काढतं, साध्या सुऱ्यांसाठी ठेवा.

प्रश्न : डिशवॉशर घेतला. सुऱ्या त्यात चालतील? आणि ठेवायच्या कुठे, लहान मूल आहे.
— मिरज

उत्तर : डिशवॉशरमध्ये नको. पावडर क्षारयुक्त असते, पाणी कडकडीत, मिठाचा अंश स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतो, आणि पाण्याच्या माऱ्यानं सुऱ्या एकमेकींवर आपटतात. लाकडी मूठ तडकते.

ठेवायला भिंतीवरची चुंबकाची पट्टी चांगली. लाकडाच्या आवरणाची मिळाली तर घ्या, नुसत्या लोखंडी पट्टीवर धार आपटते. ओट्यापासून निदान 60 सेंटिमीटर वर लावा, गॅसच्या वर नाही. तेलकट वाफेनं मूठ चिकट होते. खालचा स्टूल मात्र स्वयंपाकघराबाहेर हलवा. चिकटवताना आधी पाठ टेकवायची, मग पातं हळूच सपाट होऊ द्यायचं. काढताना उलट: आधी धार उचलायची, पाठ शेवटी. सरळ ओढली तर धार पट्टीवर घासते. घरातल्या प्रत्येकाच्या हातून एकदा तरी ही क्रिया करून घ्या, तोंडी सांगून ती लक्षात राहत नाही.