आरपीएम चढतो, गाडी चढत नाही

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची, ६८ हजार किलोमीटर झालेली. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी एवढ्यातच रोज फिरते, कधी त्रास नाही. मागच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन पावागडाला गेले, तर माचीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर, गाडी जेमतेम सरकतेय आणि जळका वास. खाली उतरल्यावर पुन्हा ठीक! गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "बेन, प्लेट बळी गई छे, आखो सेट नाखवो पडशे." (प्लेट जळलीय, अख्खा सेट टाकावा लागेल.) घरचे म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ असेल. खर्च करण्याआधी खरं काय ते कळेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कळेल, आणि तेही गिअरबॉक्स न उतरवता. तुमचा गॅरेजवाला बहुधा बरोबर बोलतोय, पण न बघता बोलणाऱ्याच्या हाती मी गाडी देणार नाही.

भेसळीचं आधी निकालात काढू. पेट्रोल खराब असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा प्लग गेले असतील तर इंजिन दमतं, काटा वर चढतच नाही. तुमचा काटा वर गेला. म्हणजे इंजिन जोर देतंय, तो चाकांपर्यंत पोचत नाही. मधे आहे क्लच : इंजिनाच्या जड चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेट अस्तर लावलेली क्लच प्लेट दाबून धरते; ती घसरली की जोर वाटेतच राहतो. बडोद्यात हे कळलं नाही कारण गाव सपाट, आणि मांडवीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरच्या वर जातंय कोण? क्लच पहिल्यांदा घसरतो तो ओझ्याखाली : चढावर, भरल्या गाडीत किंवा वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर. हालोलच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना आवाज आधी चढला आणि वेग मागाहून आला, असं झालं होतं का ते आठवून बघा.

आता स्वतः तपासा. पहाटे एखादा मोकळा, सपाट रस्ता बघा, मागे-पुढे कोणी नको. गाडी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास न्या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबरीने, सावकाश चढले तर क्लच धरतोय. काटा टुणकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. एकदाच करा. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, अशीही एक परीक्षा आहे. ती गॅरेजवाल्याला करू द्या, कारण घसरणारा क्लच त्यात आणखी भाजतो.

इथवर आल्यावरही लगेच सेट मागवू नका. इंजिन बंद करून क्लचचं पेडल हाताने दाबून बघा. केबलचा क्लच असेल तर सुरुवातीला थोडं ढिलं जाऊन मग जड लागायला हवं. प्लेट झिजत जाते तसं हे ढिलेपण कमी होतं. ते पुरतं संपलं की पाय पेडलवर नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणारं) प्रेशर प्लेटवर दाब देत राहतं आणि बऱ्यापैकी प्लेटसुद्धा घसरते. गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला नट असतो, तो सैल करून मॅन्युअलमध्ये दिलेलं ढिलेपण परत आणायचं. कधी कधी एवढ्यावर काम भागतं. हायड्रॉलिक क्लच असेल तर असा नट बहुतेक गाड्यांत नसतो. तिथे क्लच अगदी शेवटी, पेडल जवळजवळ वर आल्यावर धरतो का एवढं बघा. तसं असेल तर प्लेट बहुधा झिजली आहे.

ढिलेपण नीट आहे, तरी घसरतोय, वासही येतोय? मग गिअरबॉक्स उतरवावा लागेल. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्या) काढावे लागतात आणि इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो. मजुरीचा मोठा भाग या उतरवण्या-चढवण्याचाच असतो. म्हणून आत शिरल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. "फक्त प्लेट टाकून देतो" म्हणणारा तुमचे पैसे वाचवत नाही. या बाबतीत "आखो सेट" म्हणणारा तुमचा माणूस शहाणा आहे.

गाडी उघडली की तिथे उभ्या राहा. लाजायचं काय त्यात, गाडी तुमची. जुनी प्लेट हातात घ्या. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत उतरलं असेल, डोकी घासून चकाकत असतील, तर आयुष्य संपलं, वाद नाही. पण अस्तर जाड आहे आणि काळं, ओलं, तेलकट लागतंय, तर दोष प्लेटचा नाही. क्रँकशाफ्टच्या मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतंय. ते न बदलता नवीन सेट टाकला की तोही तेल पिणार. मग फ्लायव्हीलवर नख फिरवा. निळसर डाग हे तापल्याची खूण. नख अडकेल एवढी चर किंवा बारीक तडे असतील तर फ्लायव्हील लेथवर फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) जाईल, नाहीतर बदलावं लागेल. (काही डिझेल गाड्यांत स्प्रिंगांचं, दोन भागांचं फ्लायव्हील असतं. ते सहसा फेसिंगला पाठवत नाहीत, आणि बदलायला महाग पडतं.)

बसवताना तीन-चार गोष्टींवर नजर ठेवा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू ठरलेली असते, बहुतेक वेळा तसं लिहिलेलं असतं. प्लेट सेंटरिंगच्या दांडीवर धरूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचं. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीसचा नुसता हात लावायचा. थापलं तर फिरताना उडून अस्तरावर जातं. आणि गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत सोडणारा कारागीर दिसला तर तिथेच टोका, नवी प्लेट वाकते.

नव्या क्लचला पहिले चार-पाचशे किलोमीटर गावातच सांभाळून चालवा. माची नंतर. पुढे त्या चढावर रांग लागली की हँडब्रेक ओढा, हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून) गाडी धरून ठेवू नका. आणि रावपुऱ्यात पाय क्लचवर टेकवून बसायची सवय असेल तर ती आजच सोडा. याच सवयीने कोणी चाळीस हजार किलोमीटरांत क्लच संपवतो, तर ती नसलेला लाखाच्या पुढे नेतो. दुरुस्ती होईपर्यंत गाडी कमी काढा. घसरत्या क्लचवर चालवत राहिलात तर प्लेटच्या खर्चात फ्लायव्हीलचाही खर्च येतो.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी दाराइतक्या पाण्यात होती. इंजिनाचं काम करून घेतलं, मग बरेच महिने उभीच. आता इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, करकर आवाज येतो. इंजिन बंद केलं की पडतो. हाही क्लच घसरण्याचाच प्रकार का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : नाही, बरोबर उलटा. तुमचा क्लच सुटत नाहीये. आधी पेडलचा जोर पुढे पोचतोय का बघून घ्या : केबल अडकली नाही ना, हायड्रॉलिक असेल तर फ्लुइडमध्ये पाणी गेलं नाही ना. ते ठीक असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असणार. पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून, गाडी सुरू करून झटक्याने सोडवायचा जुना उपाय आहे, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो करू नका, गाडी उसळून भिंतीवर जाईल. मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि क्लच सुटो न सुटो, गिअरबॉक्सचं तेल काढून बघाच. दुधासारखं निघालं तर आत पाणी आहे. पेडल दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत, असं होत असेल तर रिलीज बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलंय. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं आलंच.