भाडेकरारावर सही करण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियात मसाजचं लायसन्स कुठे मिळतं, असं विचारलंस. राज्याचं असं लायसन्स इथे नाहीच. राज्याच्या कायद्यानुसार सीएएमटीसी (कॅलिफोर्निया मसाज थेरपी कौन्सिल) ही संस्था प्रमाणपत्र देते. कागदोपत्री ते ऐच्छिक आहे, पण अनेक शहरं त्याशिवाय काम करू देत नाहीत. म्हणून ते घ्यायचंच, असं धरून चाल.

तू एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आली आहेस. आधी वर्क परमिट हातात येऊ दे. तोवर मंडळातल्या बायकांनी कितीही आग्रह केला तरी पैसे घेऊन मालिश करायला जाऊ नकोस.

प्रमाणपत्राला ५०० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले किमान १०० तास शरीररचना, स्वच्छता, व्यवसायातली नीती आणि मसाज कुणाला करू नये, अशा विषयांचे. पुण्यात शिकलेलं पंचकर्म त्यात आपोआप धरलं जाणार नाही. फी भरण्याआधी शाळा सीएएमटीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः बघ. शाळेच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नकोस.

पार्श्वभूमी तपासणीसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतील. त्यात अपमान मानू नकोस. मसाजच्या पाटीआड बायकांचं शोषण चालतं, हे खरं आहे, आणि ते थांबायलाच हवं.

आता शहराचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. २००९पासून काही वर्षं प्रमाणपत्रधारकांच्या दुकानांवर शहरांना फारसं नियंत्रण ठेवता येत नव्हतं. दुकानं भराभर वाढली, शहरांनी तक्रारी केल्या आणि २०१५पासून नव्या कायद्याने त्यांचे अधिकार परत आले. त्यामुळे एका गावात चालतं ते शेजारच्या गावात चालेलच असं नाही. जागा आवडली की लगेच सही करू नकोस. आधी त्या शहराच्या नियोजन खात्यात जा. या जागेत मसाजला परवानगी आहे का? वेगळं परमिट लागतं का? घरातून केलं तर? आणि अभ्यंगाचंही विचार. तेल लावून अंग चोळणं म्हणजे मसाजच, असं बऱ्याच शहरांचे नियम मानतात. उत्तरं लेखी घे.

तुझे हक्कही माहीत असू देत. प्रमाणपत्र असलं की शहर तुझ्याकडे वेगळी वैद्यकीय तपासणी किंवा पुन्हा पार्श्वभूमी तपासणी मागू शकत नाही. मात्र नवऱ्याचं नाव मालक म्हणून घातलंस आणि त्याचा हिस्सा ५ टक्के किंवा त्याहून जास्त असला, तर त्याची तपासणी होऊ शकते. त्याला हे आधीच सांगून ठेव.

जिथे काम करशील तिथे मूळ प्रमाणपत्र दिसेल असं लाव, जाहिरातीत त्याचा क्रमांक घाल आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण कर. स्वतःला फिजिओथेरपिस्ट मात्र कुठेही म्हणवून घेऊ नकोस. त्याचं लायसन्स वेगळं असतं.

शाळा ठरली की कळव. पैसे भरण्याआधी यादी आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी