मेडिकेडचे नियम राज्य आपल्या मनाने बदलू शकतं का?

प्रश्न: माझी बहीण अमेरिकेत असते, तिच्या मुलाला मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) आहे. आता राज्य नियम बदलणार म्हणतात. असं एकदम बदलता येतं का हो?

उत्तर: ताई, एकदम नाही. मेडिकेड 1965 पासून केंद्र आणि राज्य दोघांच्या पैशावर चालतं, त्यामुळे राज्याला सीएमएस या केंद्रीय संस्थेची मंजुरी लागतेच. साधा बदल असेल तर राज्य आपल्या प्लॅनमध्ये, म्हणजे मेडिकेड कसं चालवणार ते लिहिलेल्या कागदात, दुरुस्ती पाठवतं, त्यावर सीएमएसने 90 दिवसांत उत्तर द्यायचं, पण त्यांनी जास्तीची माहिती मागितली की ते घड्याळ थांबतं आणि माहिती आल्यावर पुन्हा नवे 90 दिवस सुरू.

नेहमीच्या नियमांतून सूट हवी असेल तर सोशल सिक्युरिटी कायद्याच्या कलम 1115 चा वेव्हर, म्हणजे केंद्राची खास परवानगी, लागतो. इथे लोकांना बोलायला जागा आहे, आधी राज्यात निदान 30 दिवस हरकती-सूचना, मग केंद्राकडे परत 30 दिवस, आणि माझं अगदी मनापासून म्हणणं आहे की बहिणीने दोन ओळी का होईना लिहाव्यातच. आर्कान्सा राज्यात 2018 ला, मेडिकेड टिकवायचं तर ठरावीक तास काम केलंच पाहिजे, अशी अट अशाच वेव्हरने आली, काही महिन्यांत 18,000 हून जास्त लोकांचं कव्हर गेलं, 2019 मध्ये कोर्टाने ती अट थांबवली, पण तोवर गेलेल्यांचं काय झालं असेल, विचार करूनच जीव तुटतो.

मुलाचं कव्हर बंद करायची नोटीस आली तर ती साधारण 10 दिवस आधी यायला हवी. त्यातली तारीख उलटायच्या आत सुनावणी मागायला सांगा, मग निकालापर्यंत कव्हर सहसा चालू राहतं.