लष्करी साठ्यातली जुनी 'कोरोझिव्ह' काडतुसं वापरल्यावर रायफल गंजू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोसिन-नागां रायफलीसाठी जुन्या लष्करी साठ्यातली सरप्लस काडतुसं मिळाली, ती 'कोरोझिव्ह', म्हणजे वापरल्यावर गंज आणणारी आहेत असं कळलं. नेहमीसारखं सॉल्व्हंट (नळी साफ करायचं द्रावण) फिरवून तेल लावलं तर भागेल का, की ती वापरूच नयेत?

नुसत्या सॉल्व्हंटनं आणि तेलानं भागणार नाही. पण काडतुसं टाकून द्यायचीही गरज नाही. आधी पाणी, मग बाकी सगळं, एवढा क्रम पाळायचा. मी हा क्रम न पाळता एक चांगली नळी कायमची डागाळली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोष दारूचा नाही, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीचा म्हणजे प्रायमरचा आहे. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडताना त्यातला ऑक्सिजन जळणात खर्ची पडतो आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, आपल्या खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. गोळीमागच्या वायूबरोबर हा क्षार नळीभर उधळतो आणि बारीक कणांच्या रूपात पोलादावर चिकटून बसतो. कोरडा असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. पण दमट हवेत मिठाला पाणी सुटतं तसं यालाही सुटतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की त्याचे अक्षरशः खारट थेंब होतात. खाऱ्या पाण्यात लोखंडाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता तेलाचं. वाटीभर तेलात चिमूटभर मीठ टाकून ढवळून पाहा. कितीही ढवळलं तरी ते तळाशी तसंच राहतं. तेच पाण्यात टाकलं तर बघता बघता नाहीसं होतं. नळीतही नेमकं हेच घडतं. पेट्रोलियमवर बनलेलं सॉल्व्हंट काजळी काढतं, तांब्याचा थर सैल करणारं सॉल्व्हंट तांबं काढतं, पण क्षार दोघांनाही दाद देत नाही. वरून तेल लावलं की तो तेलाखाली सुखरूप राहतो, आणि तेलाचा पातळ थर भेदून ओल हळूहळू आत पोचतेच.

माझ्या बाबतीत असंच झालं. हवा कोरडी होती, चाळीसेक बार काढले, घरी येऊन सॉल्व्हंटनं नळी घासली, शेवटची चिंधी पांढरी शुभ्र बाहेर आली. तेल लावून रायफल ठेवून दिली. दहा दिवसांनी पाहिली तेव्हाही नळी चकचकीत होती, त्यामुळे मी निर्धास्त झालो. मग हवा पालटली, पाऊस लागून राहिला, आणि तीन आठवड्यांनी कोरडी चिंधी फिरवली तर ती विटकरी रंगाची होऊन आली. टॉर्च लावून आत पाहिलं. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून नळीतल्या खाचा सुरू होतात तिथून पुढे वीतभर, सुईनं टोचल्यासारखे काळे ठिपके पसरले होते. वरचा गंज घासून निघाला, ठिपके मात्र आजही आहेत. ते पोलाद गेलं ते गेलं. त्या दिवशी बाजूला किटलीभर गरम पाणी असतं तर यातलं काही झालं नसतं, ही रुखरुख अजून जात नाही.

तर करायचं असं. सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बाहेर काढा. रायफल तोंड खाली करून बादलीत उभी धरा, चेंबरमध्ये नरसाळं बसवा, जमलं तर नरसाळ्याला रबरी नळी जोडा, म्हणजे पाणी बाहेर सांडून लाकडी दस्त्यात झिरपणार नाही. लाकूड फुगलं तर ते दुसरंच दुखणं होऊन बसतं. मग उकळतं पाणी सावकाश ओता. मी एक लिटरभर तरी ओततो. ली-एनफिल्ड रायफल वापरणारे ब्रिटिश सैनिक नरसाळं आणि उकळतं पाणी वापरूनच नळ्या धूत असत, आणि ती पद्धत आजही तितकीच खरी आहे. साबण लागत नाही. थंड पाण्यानंही क्षार जातो. उकळत्या पाण्याचा फायदा एवढाच की नळी इतकी तापते की उरलेली ओल आपोआप उडून जाते. हात भाजतील, जाड फडकं धरा.

पाठोपाठ दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवा. मग ओल हटवणारं काहीतरी मारा. डब्ल्यूडी-४० यासाठीच जन्मलं, त्या नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं आणि चाळीस म्हणजे जमलेला चाळिसावा प्रयोग. पण त्यावरच थांबू नका, ते टिकाऊ संरक्षण नाही. त्यानंतर नेहमीची सफाई करा: सॉल्व्हंट, ब्रश, चिंध्या, आणि शेवटी चांगल्या तेलाचा पातळ हात. बॅलिस्टॉलसारखं तेल पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं होतं, त्यामुळे मैदानावरच पहिला हात फिरवायला ते सोयीचं पडतं. तिथं एक-दोन ओल्या चिंध्या जरी फिरवल्या तरी घरी पोचेपर्यंतची चिंता मिटते.

नळी धुतली आणि बोल्ट विसरलं, ही चूक फार जण करतात. प्रायमर फुटतो तो बोल्टच्या तोंडाशीच. बोल्टचं तोंड, फायरिंग पिनचं टोक, चेंबर आणि नळीचं तोंड या चारही जागा ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून तेल लावायलाच हवं. तुमची मोसिन बोल्ट-ॲक्शन आहे, तेव्हा इथं काम संपलं. पुढे कधी एसकेएस किंवा कलाश्निकोव्ह जातीची, बाराच्या वायूवर चालणारी रायफल घेतलीत तर गॅस पिस्टन, गॅस ट्यूब आणि गॅस ब्लॉकही धुवावे लागतील, कारण क्षार वायूबरोबर तिथंही जातो, आणि तिथला गंज दिसत नाही म्हणून जास्त वाईट. नळीला आतून क्रोमचा मुलामा असेल तर ती बरीच तग धरते, पण बाकीच्या भागांना त्याचा काही उपयोग नाही.

अमोनियावाल्या काचेच्या क्लीनरनं क्षार मारला जातो असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. काम होतं, पण ते अमोनियामुळे नाही. त्या बाटलीत बहुतेक पाणीच असतं, आणि क्षार पाण्यानं जातो. तेव्हा पाणीच वापरा, आणि भरपूर वापरा.

काडतुसं कोरोझिव्ह आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? दिसण्यावरून नाही. जर्मनीत क्लोरेटऐवजी लेड स्टिफ्नेटचे बिनक्षारी (म्हणजे नॉन-कोरोझिव्ह) प्रायमर १९२० च्या दशकातच आले. अमेरिकी लष्कर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे वळलं, पण त्यांच्या .३० कार्बाइनची काडतुसं पहिल्यापासूनच बिनक्षारी होती. सोव्हिएत गटानं आणि युगोस्लाव्हियानं मात्र क्लोरेट पुढे कित्येक दशकं सोडलं नाही, कारण ते साठ्यात वर्षानुवर्षं टिकतं आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेतं. त्यामुळे तुमची मोसिनची ७.६२ बाय ५४ आर काडतुसं, तसंच युगोस्लाव्ह एम६७ किंवा सोव्हिएत ५.४५ ची ७एन६ काडतुसं, ही सगळी क्षारी धरूनच चाला. पेटीवर 'नॉन-कोरोझिव्ह' छापलेलं असलं तरी जुन्या साठ्यावर मी भरवसा ठेवत नाही. एका धुण्याला पंधरा मिनिटं लागतात, नळी बदलायला किती लागतं याचा विचार करा. काही फार जुन्या प्रायमरमध्ये पारा असतो. तो नळीला नाही, पण काडतुसाच्या पितळी कवचाला ठिसूळ करतो, म्हणून अशी कवचं पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नका.

साठवणुकीचंही दोन शब्दांत सांगतो. चामड्याच्या म्यानात किंवा फोम भरलेल्या पेटीत रायफल कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग पालटला की वाळवून घ्या. हाताळून झालं की धातूवरचे बोटांचे ठसे तेलाच्या फडक्यानं पुसा, घामातही मीठच असतं. नळीच्या तोंडात बोळा कोंबून ठेवायची सवय मात्र अजिबात नको. तो विसरला गेला आणि बार काढला, तर नळी फाटते, जिवावर बेततं. आणि पुढच्या वेळी वापरण्याआधी नळीतलं आणि चेंबरमधलं जादा तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढा.

शेवटची एक गोष्ट, आणि ही मी स्वतः एकदाही चुकवत नाही. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्यानं, नळीतून एक कोरडी पांढरी चिंधी फिरवायची आणि ती उजेडात धरून पाहायची. काळपट आली तर ती काजळी, पुन्हा सॉल्व्हंट चालेल. जराशी जरी तांबूस आली तर क्षार उरला आहे. पुन्हा किटली चढवा, पुन्हा पहिल्यापासून सगळं करा, आणि सलग दोन वेळा चिंधी स्वच्छ येईपर्यंत रायफल कपाटात परत ठेवू नका.