सोसायटीच्या फेरीत कावळे आणि कबुतरांशिवाय काहीच दिसत नाही. पक्षीनिरीक्षण सुरू कसं करायचं?

कोथरूडमधल्या सोसायटीत राहता, ऑफिसला निघण्याआधी पाऊण तास मिळतो, दोन आठवडे फेऱ्या मारूनही कावळे, कबुतरं आणि घारी एवढंच पदरी पडलं. तर आता दुर्बीण घ्यावी की कॅमेरा, की सरळ वेताळ टेकडी गाठावी, असं तुम्ही विचारलंय.

टेकडीवर जरूर जा, पण त्यासाठी अडून बसू नका. कॅमेरा तर आत्ता अजिबात नको. जुनी झाडं टिकून असलेल्या पुण्याच्या कुठल्याही कॉलनीत वर्षभरात चाळीसेक जाती दिसायला हरकत नाही. तुमची अडचण बहुधा चालण्याच्या वेगाची आहे. व्यायामाची फेरी आणि पक्ष्यांची फेरी एकत्र होत नाही. ताशी पाच किलोमीटरनं चाललात की डोळ्यांना फक्त मोठं आणि उघड्यावर बसलेलं दिसतं, म्हणजे कावळे, कबुतरं आणि घारी. तुमची यादी हेच सांगतेय.

पाऊण तासात सहाशे-सातशे मीटर, त्याहून जास्त नको. रोज तोच रस्ता, आणि त्यावर थांबायच्या चार-पाच जागा ठरवून टाका. वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर पहिला थांबा तोच; फळं धरली की तांबट, बुलबुल, कोकिळा आणि नशीब असेल तर राखी धनेश तिथेच येतात. दुसरा थांबा जास्वंदीची किंवा कसल्याही फुलांची रांग. तिसरा कुंपणाची दाट मेंदी, जिच्यात काहीतरी सतत खुसफुसत असतं. चौथा नाला, रिकामा प्लॉट किंवा बांधकामाची वाळू पडलेली जागा. पाचवा, जिथून गच्च्यांवरच्या टाक्या आणि वायरी दिसतात असा कोपरा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. पहिल्या मिनिटात काही होत नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे दबलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हालचाल सुरू होते आणि नेमके त्याच वेळी लोक कंटाळून निघतात.

वेळ सूर्य उगवल्यापासून दीड-दोन तासांची. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि मे-अखेरीस सहाच्या सुमारास, तेव्हा घड्याळाकडे न बघता उजेडाकडे बघा. फेरीची दिशा अशी ठेवा की थांब्यांवर सूर्य पाठीशी राहील. सकाळी पूर्वेकडे तोंड करून झाडात बघितलं की हिरवा तांबट असो की पिवळा हळद्या, सगळे काळेच दिसतात.

आता कान. फांद्यांमध्ये डोळे घालण्याआधी ऐकायला शिका. निम्मे पक्षी आधी ऐकूच येतात. सुरुवातीला तांबट पकडा, कारण तो तुमच्या कॉलनीत नक्की आहे. ‘टुक्-टुक्-टुक्’ असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एकसारखा ठोका, उन्हाळ्याकडे तर तासन् तास. आवाजाच्या दिशेनं बघितलं की तो तिथे नसतो, कारण ठोका देताना तो मान इकडून तिकडे वळवत असतो आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. म्हणून आवाजामागे धावू नका. झाडाच्या शेंड्याची वाळकी, पानं नसलेली फांदी शोधा. तिथे चिमणीपेक्षा जरासा मोठा, मान आखूड, गोळाबेरीज ठेंगू असा पक्षी छाती पुढे काढून बसलेला असतो. अंग हिरवं, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. ठोका देताना चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो, हे साध्या डोळ्यांनाही कळतं. जवळच्या मेलेल्या फांदीला खालच्या बाजूनं रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, अगदी गोल भोक असेल तर ते त्याचं घर असण्याची शक्यता बरीच. सोसायटीनं ‘वाळलेल्या फांद्या’ छाटायला माणूस बोलावला की पहिला बळी ह्याचाच जातो.

मेंदीतून ‘टुविट-टुविट-टुविट’ असा अंगापेक्षा चौपट मोठा आवाज आला तर तो शिंपी. पाठ हिरवट, टाळू तांबूस, शेपटी उभी. त्याच मेंदीत राखी डोक्याचा, पिवळसर पोटाचा, शेपटी तशीच नाचवणारा दिसला तर तो राखी वटवट्या. उडताना त्याचा चट्-चट् आवाज येतो. आणि ‘चिक्-चिक्-चिक्’ असं कोणी दहा मिनिटं न थकता ओरडत असेल, तर पक्ष्यांचं पुस्तक मिटा आणि खोडाकडे बघा. ती खार आहे. प्रत्येक ‘चिक्’ला शेपटीला झटका बसतो. नवीन माणूस हिच्यामागे किमान एक सकाळ घालवतोच.

आकारासाठी सेंटिमीटर उपयोगाचे नाहीत. ओळखीच्या पक्ष्यांची पट्टी वापरा: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार. अंदाजे पंधरा, वीस, पंचवीस, तेहतीस, बेचाळीस आणि साठ सेंटिमीटर, पण आकडे विसरलात तरी चालेल. ‘बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान’ एवढी नोंद पुरते. म्हणूनच कावळा-साळुंकीला कंटाळू नका. आधी गावकावळा आणि डोमकावळा वेगळे करा: पहिल्याची मान राखाडी, दुसरा नखशिखान्त काळा, चोच जाड. मग नर कोकीळ ‘कावळा’ म्हणून सुटणार नाही, कारण त्याचा डोळा लाल, चोच फिकट हिरवट आणि शेपटी लांब. त्याची मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिला शिक्रा (लहान शिकारी पक्षी) समजणारे पुष्कळ. कोकीळ हिवाळ्यात कुठे जात नाही, तो फक्त गप्प असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दयाळ, चिरक आणि थिरथिरा या तिघांत. तिघेही काळपट, तिघेही जमिनीवर उतरणारे, तिघांनाही शेपटीचा चाळा. इथे घाई करू नका, कारण हे जमलं की पुढचं बरंच सोपं जातं.

दयाळ तिघांत मोठा, बुलबुलाएवढा. नराचं अंग चकचकीत काळं, पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. बसलेला असतानाही हा पट्टा दिसतो. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. सावलीची बाग, कुंड्या, ओली माती ही त्याची जागा. मार्चपासून नर उजाडायच्या आधीच गच्चीच्या टोकावर किंवा अँटेनावर बसून लांबलचक गातो. पहाटे साडेपाचला शीळ ऐकून जाग आली तर तो हाच.

चिरक त्याहून लहान. त्याला सावलीचं प्रेम नाही. रिकामा प्लॉट, दगडांचा ढीग, टेकडीचा पायथा, कंपाउंडची भिंत. नर काळा, पाठ तपकिरीकडे झुकणारी, खांद्याजवळ पांढरा डाग, जो बसल्यावर कधी झाकला जातो आणि उडाला की चमकतो. खूण म्हणजे शेपटी उभी आणि तिच्या खाली, फक्त खाली, विटकरी रंग. मादी मातकट, पण शेपटीखाली तोच विटकरी डाग.

थिरथिरा पाहुणा. ऑक्टोबरच्या आसपास येतो, मार्च सरेपर्यंत राहतो. नर वरून काळपट, पण पोट आणि शेपटी विटकरी-नारिंगी. मादी तपकिरी, शेपटी तशीच. त्याची शेपटी उभी नसते, ती थरथरते, थंडी वाजल्यासारखी. नाव त्यावरूनच. मे महिन्यात ‘थिरथिरा दिसला’ असं कुणी म्हटलं तर बहुतेक तो चिरक असतो. पाहुण्यांमध्ये पांढरा आणि करडा धोबी, हळद्या, आणि काटेसावर-पांगारा फुलला की त्यावर थव्यानं येणाऱ्या भोरड्या, हे कॉलनीतही सापडतात. सुरुवात करायला ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात सोपा काळ: पाऊस संपलेला, पाहुणे आलेले. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो (मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा), त्यात बऱ्याच टेकड्यांवर माहितगारांसोबत फेऱ्या निघतात. एकदा जाऊन या, पण रोजची फेरी घराभोवतीच ठेवा.

दुर्बीण पहिला महिना नको. महिन्यानंतरही उत्साह टिकला तर ८ × ४२ घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पण हाताची थरथरही दहापट होते आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं, त्यामुळे पानांतला शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) सापडतच नाही. झूमवाल्या दुर्बिणी, तांबूस चकाकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी आणि खिशातल्या खेळण्यासारख्या दुर्बिणी टाळा. सात-आठ हजारांपासून पुढे बरी वस्तू मिळते. दोन-तीन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का, हे दुकानातच तपासा, कारण कॉलनीत पक्षी जवळच असतात.

नवीन दुर्बीण ‘धूसर दिसते’ म्हणून परत करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ती आपल्या डोळ्यांना जुळवून घेतलेलीच नसते. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल वर्तुळ दिसेपर्यंत आणा. मग उजवा डोळा मिटून, लांबची पाटी बघत मधलं चाक फिरवा, डाव्या डोळ्याला अक्षरं लख्ख दिसेपर्यंत. आता डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. पक्षी शोधताना दुर्बिणीतून झाड चाळू नका: नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा, मान न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर बसलेल्या साळुंक्यांवर सराव केला की हात बसतो.

फोनमध्ये मर्लिन (पक्षी ओळखून देणारं ॲप) टाका आणि त्यातला भारतातल्या पक्ष्यांचा संच आधीच उतरवून घ्या, मग नेट नसलं तरी आवाज ओळखता येतात. मात्र ते जे नाव दाखवतं ते फक्त संशयित. दयाळ स्वतः इतरांच्या नकला करतो, मागे रिक्षा आणि कुकरच्या शिट्ट्या असतात. दिसल्याशिवाय किंवा आवाज खात्रीनं ओळखता आल्याशिवाय नोंद करू नका.

नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचं ॲप आणि संकेतस्थळ) किंवा साध्या वहीत, पण तारीख, सुरू-संपायची वेळ, अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या हवीच. ‘दिसलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या का’ या ईबर्डच्या प्रश्नाला हो म्हणायचं असेल तर कबुतरंही लिहावी लागतात. ती गाळून फक्त ‘भारी’ पक्षी लिहिले तर यादीचा अर्ध्याहून अधिक उपयोग गेला. तेच पोपट तीनदा डोक्यावरून गेले तर तीनदा मोजू नका, एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या. मोठा थवा असेल तर दहा मोजा, ते दहा डोळ्यांत ठेवा आणि असे किती दहा बसतात ते बघा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. दुर्बीण इमारतींच्या खिडक्यांकडे कधीही रोखू नका, तिथे दुर्मीळ घुबड बसलं असलं तरी. आधीच वॉचमनला आणि सेक्रेटरींना सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येतो. आणि घरटं सापडलं तर तिथे रेंगाळू नका, पानं बाजूला करून फोटो तर नाहीच; तुम्ही कुठे वाकून बघताय ते कावळा वरून बघत असतो. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणंही नको, विणीच्या दिवसांत तो बिचारा पिल्लं सोडून भांडायला येतो.

ज्वारी-बाजरी टाकू नका, त्यानं फक्त कबुतरं वाढतात. त्यापेक्षा मातीचं पसरट परळ ठेवा: पाणी कडेला दोन आणि मध्ये फार तर पाच सेंटिमीटर खोल, मध्ये खडबडीत दगड. खोल भांड्यात लहान पक्षी उतरतच नाहीत. जागा झुडपापासून दोनेक मीटरवर, म्हणजे उडून लपता येईल पण मांजराला दबा धरता येणार नाही. पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पहिला आठवडा-दोन आठवडे कुणी येणार नाही. मग बहुतेक बुलबुल येतो, अंघोळीला, आणि निम्मं पाणी बाहेर उडवतो.