ब्रायन ॲडम्स गीतकार म्हणून दुर्लक्षित का? आणि ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’चा मधला तुकडा का फसतो?

कॅनेडियन रॉक गायक ब्रायन ॲडम्सचं हे गाणं जळगावच्या गॅदरिंगला बसवताय आणि मधल्या तुकड्यात सगळे सुटतात, असं तुम्ही लिहिलंय; तो गीतकार म्हणून दुर्लक्षित का, हेही विचारलंय. ॲडम्सची रचनाकार म्हणून खरी ताकद नेमकी त्याच तुकड्यात आहे.

गाणं डी मेजरमध्ये आहे. कडवं नुसतं डी आणि ए या कॉर्डवर चालतं, पुढे बी मायनर, ए, डी, जी येतात. मधे मात्र ते थेट एफ मेजरमध्ये शिरतं: एफ, बी फ्लॅट, सी. शब्दही तिथेच मौजेवरून ‘काहीच कायम टिकत नाही’कडे वळतात. म्हणजे सूर आणि अर्थ एकाच जागी बदलतात. ॲडम्स आणि त्याच्याबरोबर गाणी लिहिणारा जिम व्हॅलन्स या जोडीचं हे काम आहे, आणि ऐकणाऱ्याला तो सांधा जाणवतही नाही.

गिटारवाला बी फ्लॅटच्या बारेला (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबायच्या कॉर्डला) अडखळतो म्हणून ताल जातो. पूर्ण बारे धरूच नका. पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारांचीच सोपी कॉर्ड, घ्या: एफ सहाव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरून, बी फ्लॅट पाचव्या तारेच्या पहिल्या, सी तिसऱ्या फ्रेटवरून. आधीच्या दोन मात्रापट्ट्या (बार), तो तुकडा आणि नंतरच्या दोन, एवढंच मेट्रोनोमवर मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत घोटा, मग १४० च्या आसपास न्या. गायकाला वरचे सूर झेपत नसतील तर गिटार आणि बेस दोन्ही एक पूर्ण स्वर उतरवा, कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे २. डिसेंबर-जानेवारीत रात्री उघड्या मैदानावर तारा आखडून सूर चढतो. स्टेजवर वाद्यं थोडा वेळ ठेवून मगच ट्यून करा.

दुर्लक्षाचं कारण माझ्या मते १९९१ चं ‘(एव्हरीथिंग आय डू) आय डू इट फॉर यू’ हे प्रेमगीत. ब्रिटनमध्ये ते सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि माणसावर ‘बॅलडवाला’ असा शिक्का बसला. १९८२ मध्ये किससारख्या जड रॉक बँडसाठी याच जोडीने ‘वॉर मशीन’ लिहायला हात लावला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? २०१० च्या ‘बेअर बोन्स’ या अल्बममध्ये गिटार आणि पियानो एवढ्यावरच त्याची गाणी उभी राहतात. मुंबईत २०२४ च्या डिसेंबरातही लोक ती त्याच्याबरोबर गात होते.

गॅदरिंगच्या यादीत त्याचं ‘रन टू यू’ही जरूर घ्या. ते ब्लू ऑयस्टर कल्ट या रॉक बँडसाठी लिहिलं होतं, त्यांनी नाकारलं, म्हणून ॲडम्सच्या १९८४ च्या ‘रेकलेस’ अल्बममध्ये आलं. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), मग ई मायनर, जी, डी, ए. तारा सुट्या छेडायच्या, खरडायच्या नाहीत. गिटार आधीच उतरवलेली असेल तरी कॅपो तिथेच राहू द्या, गायकाला एक स्वर खालचाच सोपा जाईल.